क्षयरोगाचे निदान आणि स्थलांतरित कामगार

क्षयरोगाचा जंतू फार सावकाश वाढतो. आपल्या आतड्यात राहणारा एखादा सामान्य जंतू अनुकूल परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत दुभंगून एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला त्याच कार्यास १८ ते २४ तास लागतात. त्यामुळे हा रोग पटकीप्रमाणे एका रात्रीत माणसाला अंथरुणास खिळवीत नाही. आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने तो पुढे सरकतो, आणि आपण नेमके कोणत्या दिवशी आजारी पडलो, ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर क्षयाच्या रोग्याला बहुधा देता येत नाही. रॉबर्ट कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे ह्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर जंतू ओळखण्याच्या रीती पुष्कळ सुधारल्या. जंतूची चाल मात्र होती तीच राहिली.

आपल्या देशात अशी कोट्यवधी माणसे आहेत की, ज्यांचे वर्ष एका ठिकाणी पुरे होत नाही. कोणी पावसाळा संपताच वीटभट्टीवर जातो, कोणी ऊसतोडीला, कोणी दूरच्या शहरात इमारतीच्या कामावर; काम संपले की गावी परततो आणि पुन्हा निघतो. २०११ च्या जनगणनेत आपले पूर्वीचे वास्तव्य सोडून आलेल्या ४५ कोटींहून अधिक लोकांची नोंद झाली. हा आकडा पाहून वाचकाने एकदम अनुमान काढू नये. त्यात लग्न होऊन शेजारच्या गावी गेलेल्या स्त्रिया फार मोठ्या संख्येने आहेत, आणि हंगामापुरते जाऊन परत येणारे मजूर मात्र त्यात नीटसे उतरत नाहीत. ज्यांच्याविषयी आपल्याला येथे बोलावयाचे आहे, तेच मोजदादीतून निसटणारे लोक आहेत, असे म्हटले तरी चालेल.

क्षयरोगाचे पंचांग आणि ह्या कामगारांचे पंचांग एकमेकांशी जुळत नाही. रोग ओळखू येण्याजोगा होण्यास जितके दिवस लागतात, तितके दिवस हा माणूस एका वैद्याच्या नजरेसमोर राहत नाही. त्याचे निदान उशिरा होण्याची अनेक कारणे सांगितली जातात, परंतु त्यांतील बरीचशी ह्या एका विसंगतीतून निघालेली आहेत.

विलंब कोठे होतो

ह्या विलंबाचे तीन भाग पाडण्याची रीत आहे. लक्षण सुरू झाल्यापासून रोगी औषधासाठी प्रथम कोणाकडे तरी जाईपर्यंतचा काळ हा पहिला भाग. त्या पहिल्या भेटीपासून रोगाचे नाव निश्चित होईपर्यंतचा काळ हा दुसरा. आणि नाव निश्चित झाल्यापासून औषधाची पहिली मात्रा पोटात जाईपर्यंतचा काळ हा तिसरा. भारतात निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या पाहण्या एकत्र करून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या भागाचा मध्यक सुमारे १८ दिवस, दुसऱ्याचा ३१ दिवस आणि तिसऱ्याचा अडीच दिवस आला. एकूण विलंबाचा मध्यक सुमारे ५५ दिवस होता. (मध्यक म्हणजे ओळीने मांडलेल्या आकड्यांतील मधला आकडा. भागांच्या मध्यकांची बेरीज एकूण मध्यकाशी जुळेलच असे नाही. तेव्हा वरील आकडे मिळवून पाहणाऱ्या विद्यार्थ्याने गोंधळून जाऊ नये.) निदान होईपर्यंत रोगी सरासरीने २.७ वैद्यांची पायरी चढलेला असतो, असेही त्या अभ्यासात आढळले.

सर्वांत मोठा भाग मधला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रोगी दवाखान्याच्या दारात आला आहे, त्याने खोकला सांगितला आहे, पैसेही मोजले आहेत. तरी महिना निघून जातो. ह्याचे कारण असे की, खोकला घेऊन येणाऱ्या शंभर माणसांपैकी बहुतेकांना क्षय नसतोच. वैद्य प्रथम साधे औषध देतो आणि चारपाच दिवसांनी पुन्हा यावयास सांगतो. पुष्कळदा छातीच्या साध्या जंतुदोषावर जी प्रतिजैविके दिली जातात, त्यांपैकी लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखी काही क्षयाच्या जंतूवरही थोडाफार परिणाम करतात. ज्वर उतरतो, भूक लागते, आणि रोग बरा झाला असे वाटत असतानाच तो पडद्याआड वाढत राहतो. 'ताकदीची सुई' म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन देणारेही काही आहेत. त्याने दोन दिवस हुशारी वाटते आणि शरीराची प्रतिकारशक्ती मात्र खालावते.

एकाच गावात राहणारा रोगी तिसऱ्यांदा त्याच वैद्याकडे गेला, तर वैद्य चमकून विचारतो, "अजून खोकला आहे?" ह्या प्रश्नातूनच बहुधा थुंकीची तपासणी सुरू होते. निदानाच्या उपकरणांत सूक्ष्मदर्शक, क्ष-किरण यंत्र वगैरेंची गणना आपण करतो. परंतु वैद्याची स्मरणशक्ती हेही एक उपकरण आहे, आणि स्थलांतरित कामगाराला नेमके तेच लाभत नाही. तो जेथे जाईल तेथे नवा रोगी असतो, आणि त्याचा तीन महिन्यांचा खोकला दर वेळी पहिल्या दिवसापासून मोजला जातो.

रोगी बेफिकीर असतो काय?

खेड्यातला किंवा कष्टकरी माणूस अज्ञानामुळे दुखणे अंगावर काढतो, हे मत फार जुने आहे आणि सुशिक्षितांना ते सोयीचेही वाटते. त्याची कसोटी आपल्याच देशात साठ वर्षांपूर्वी लागली. बंगळूर येथे १९५९ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तेथील देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन ह्यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत, ज्यांच्या थुंकीत जंतू सापडले होते अशा लोकांना भेटून विचारपूस केली; त्यांचा निबंध १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी बहुतेकांना आपल्याला काहीतरी लक्षण आहे ह्याची जाणीव होती, मोठ्या संख्येने लोक त्याची चिंता करीत होते, आणि निम्म्याहून थोडे अधिक लोक आधुनिक वैद्यकाच्या दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथून बहुतेकांची बोळवण खोकल्याची बाटली देऊन झाली होती. देशाचा क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला तो सर्वसाधारण दवाखान्यांवरच उभा करण्यात आला, त्याला ह्या संशोधनाचा मोठा आधार होता. रोगी आपणहून जेथे येतो तेथेच त्याची थुंकी तपासा, असे ते धोरण होते.

२०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा निष्कर्ष वरवर ह्याच्या उलट दिसतो. ज्यांना क्षयाची लक्षणे होती त्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक औषधासाठी कोठेच गेले नव्हते, आणि न जाण्याचे मुख्य कारण त्यांनी लक्षणाकडे दुर्लक्ष केले हे होते. पण तुमकूरला प्रत्यक्ष जंतू सापडलेल्या रोग्यांना प्रश्न विचारले होते. राष्ट्रीय पाहणीतील हा आकडा खोकला, ज्वर आदी लक्षणे असणाऱ्या सर्वांचा आहे, आणि त्यांतील बहुसंख्यांना क्षय नव्हता. ह्याच पाहणीतील आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. छातीचे क्ष-किरण चित्र न घेता केवळ लक्षणे विचारून शोध घेतला असता, तर सापडलेल्या रोग्यांपैकी सुमारे ४३ टक्के सुटून गेले असते. ज्याला लक्षणच जाणवत नाही त्याला बेफिकीर कसे म्हणावयाचे?

शिवाय 'दुर्लक्ष केले' ह्या शब्दांमागे रोजाचा हिशेब दडलेला असतो. दवाखान्याची वेळ सकाळची, कामाची वेळही सकाळची. एकदा थुंकी देण्यासाठी, एकदा उत्तर घेण्यासाठी आणि एकदा औषधासाठी असे तीन दिवस गेले, तर तीन दिवसांची मजुरी गेली. सरकारी तपासणी आणि औषध ही दोन्ही विनामूल्य आहेत. रोज मात्र विनामूल्य नाही.

सुरतेतील एक खोली

आतापर्यंतचे विवेचन एका ठिकाणी लावून पाहू. सुरत शहरात कृत्रिम धाग्याचे कापड विणणारे यंत्रमाग लाखोंच्या संख्येने आहेत. त्यांवर राबणाऱ्यांत ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेल्या पुरुषांचा भरणा फार मोठा आहे. गंजाम ते सुरत हे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. काम बारा तासांच्या पाळीने चालते आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळते; माग थांबला की मिळकतही थांबते.

ह्यांतील पुष्कळ कामगार कुटुंब गावी ठेवून एकटे येतात आणि 'मेस' नावाच्या सामाईक खोल्यांत राहतात. एका मोठ्या खोलीत जमिनीवर पथाऱ्या मांडलेल्या असतात. दिवसपाळीचा कामगार उठून गेला की रात्रपाळीहून आलेला त्याच जागी आडवा होतो. जागा कधी रिकामी नसते, खोलीत नेहमी कोणीतरी झोपलेले असते, आणि उजेड व डास नकोत म्हणून खिडक्या बहुधा लावून घेतलेल्या असतात. मराठी वाचकाला हे चित्र अपरिचित नाही. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेले मुंबईचे गिरणी कामगारही एका खोलीत असेच पाळीपाळीने झोपत असत आणि खानावळीत जेवत असत.

क्षयाचा जंतू हवेतून पसरतो. खोकताना उडालेल्या अतिसूक्ष्म थेंबांतील पाणी वाळून जाते आणि उरलेले कण, ज्यांचा आकार एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून पाच हजारांश भागांपर्यंत असतो, तासन् तास हवेत तरंगत राहतात. मोकळ्या हवेत ते विरळ होऊन निरुपद्रवी ठरतात. बंद खोलीत त्यांची दाटी होते. म्हणजे रात्रपाळीचा रोगी कामावर गेल्यानंतरही त्याने मागे ठेवलेली हवा काही काळ दिवसपाळीचा सोबती घेत असतो, जरी त्या दोघांची प्रत्यक्ष गाठ आठवड्यातून एकदाच पडत असली तरी.

आता अशी कल्पना करू की, ह्या खोलीतील एका कामगाराला खोकला लागला. मागाखान्यात सुताचे तंतू उडत असतात, त्यामुळे तेथे खोकणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. सायंकाळी अंगात कसर वाटते, पण बारा तास उभे राहिल्यावर कोणाचे अंग मोडून येत नाही? वजन उतरते, ते मेसच्या जेवणामुळे असे सोबती म्हणतात. प्रत्येक लक्षणाला कामातच एक तयार स्पष्टीकरण सापडते. तिसऱ्या आठवड्यात तो जवळच्या खाजगी दवाखान्यात जातो, कारण तो दवाखाना रात्री उघडा असतो. गोळ्यांनी थोडे बरे वाटते. महिन्याने तो दुसऱ्या दवाखान्यात जातो. तेथे भाषेची अडचण येते. ओडिया भाषेत ह्या रोगास 'यक्ष्मा' म्हणतात, गुजरातीत 'क्षय', हिंदीत 'तपेदिक', तर तमिळमध्ये 'कासनोय'; भिंतीवर 'क्षय' असे लिहिलेले फलक त्याच्यासाठी मुकेच असतात. ('टी.बी.' ही दोन परकी अक्षरेच आज साऱ्या देशाला समजतात, ही गोष्ट भाषाभिमान्यांना रुचणार नाही. परंतु फलक लिहिणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवावी.)

शेवटी अंगातली शक्ती सरते. मीटर भरत नाहीत. मग तो गावी जातो. आजारी माणसाने घरी परतावे ह्यात अस्वाभाविक असे काहीच नाही. तेथे करणारी माणसे असतात आणि खोलीचे भाडे लागत नाही. आर्थर लँकेस्टर ह्यांनी भारतातील क्षयरोगावर १९२० मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही शहरात रोग जडलेला कामगार तो बरोबर घेऊन खेड्यात परततो ह्याकडे लक्ष वेधले होते. शंभर वर्षांत ही वाट बदललेली नाही, फक्त गाड्या वेगवान झाल्या.

गावी गेल्यावर त्याचे निदान होते असे धरून चालू. आरोग्यसेवक नियमाप्रमाणे त्याच्या घरच्या माणसांची तपासणी करतात: बायको, मुले, म्हातारे आईवडील. हे योग्यच आहे. परंतु निदानापूर्वीचे तीन महिने हा माणूस ज्यांच्या शेजारी झोपला ते पन्नाससाठ सोबती दुसऱ्या राज्यात आहेत, आणि त्यांची नावे कोणत्याही यादीत चढत नाहीत. त्यांच्यापैकी एखाद्याचा खोकला अशा रीतीने पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतो. तपासणीच्या पत्रकावर 'घरात कोण कोण राहते?' असा प्रश्न असतो. 'तुम्ही कोठे झोपत होता, आणि तुम्ही कामावर गेल्यावर त्या जागी कोण झोपत असे?' असा प्रश्न विचारल्याशिवाय ही खोली उजेडात येणार नाही.

उसाचा फड आणि दगडाची खाण

महाराष्ट्रात बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो मजूर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते; नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', आणि कामावर न गेलेला दिवस म्हणजे 'खाडा', ज्याबद्दल पैसे कापले जातात. सुरतेच्या कामगाराला निदान शहर तरी जवळ असते. ऊसतोड मजुराची कोपी फडाच्या कडेला असते, टोळी एका शिवारातून दुसऱ्या शिवारात हलत असते, आणि ज्या गावाच्या हद्दीत ती असते त्या गावच्या आशा सेविकेच्या नोंदवहीत तिचे घर नसते. घरोघर जाऊन रोगी शोधण्याच्या मोहिमा पुष्कळदा हिवाळ्यात निघतात. त्या वेळी मजुराच्या स्वतःच्या गावात त्याच्या दाराला कुलूप असते. दोन्ही गावांतील पाहणी प्रामाणिकपणे पूर्ण होते आणि माणूस दोन्हीतून राहून जातो.

दगडाच्या खाणीत, दगड फोडण्याच्या आणि दळण्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. वाळूच्या दगडाची सूक्ष्म धूळ फुप्फुसात साठून सिलिकोसिस नावाचा असाध्य विकार होतो. त्याचा खोकला, दम आणि क्ष-किरण चित्र ही क्षयाशी इतकी मिळतीजुळती असतात की, एकाला दुसरे समजण्याची चूक दोन्ही दिशांनी होते. सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. राजस्थानातील वाळूच्या दगडाच्या खाणींवर किंवा मध्य प्रदेशातून गुजरातेत गारगोटी दळण्याच्या कामावर गेलेल्या आदिवासी मजुरांपैकी कित्येकांनी थुंकीत जंतू नसताना क्षयाची औषधे पुनःपुन्हा घेतलेली आहेत. 'पूर्वी कोठे आणि काय काम केले?' हा प्रश्न न विचारल्याचा हा परिणाम होय.

आणखी एक प्रकार ओझरता सांगतो. आखाती देशांत नोकरीस जाणाऱ्यांचे छातीचे क्ष-किरण चित्र निघण्यापूर्वीच घेतले जाते, आणि जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाच्या व्रणामुळेही माणूस अपात्र ठरू शकतो. तेथे गेल्यावर रोग आढळल्यास परत पाठवणी होते. ज्या तपासणीच्या अंती उपचाराऐवजी नोकरी जाण्याची भीती असते, तिच्यापुढे कोणी आपणहून उभा राहत नाही.

निदानापूर्वीचे दिवस

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना नव्याने क्षयरोग झाला, आणि त्यांपैकी २६ टक्के भारतातील होते. औषधोपचार न झाल्यास काय होते, हे बंगळूरच्या संस्थेने १९६१ ते १९६८ ह्या काळात आसपासच्या खेड्यांत पाहिले होते. थुंकीत जंतू असलेल्या रोग्यांपैकी पाच वर्षांच्या अखेरीस जवळजवळ निम्मे मृत्यू पावले होते, सुमारे एकतृतीयांश आपोआप बरे झाले होते, आणि उरलेले अजूनही जंतू बाहेर टाकीत फिरत होते.

मद्रासच्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने १९५६ मध्ये सुरू केलेला प्रयोग येथे विशेष उपयोगी पडतो. हे केंद्र आज चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. तेथे गरीब वस्तीतील काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवून, तर काहींना घरीच ठेवून सारखीच औषधे दिली. घरी राहिलेले रोगीही जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, घरी राहून औषध घेणाऱ्यांच्या कुटुंबांत आरोग्यधामात गेलेल्यांच्या कुटुंबांपेक्षा पुढे अधिक क्षय उद्भवला नाही. सहवासात असलेल्यांना जो संसर्ग व्हावयाचा तो बहुतांशी निदानापूर्वीच होऊन गेला होता, आणि औषध सुरू होताच रोग्यापासून असलेला धोका झपाट्याने कमी झाला होता. ह्या दृष्टीने पाहता सुरतेच्या खोलीतील ते तीन महिने हाच संसर्गाचा खरा काळ ठरतो. निदान झालेल्या सोबत्याला खोलीतून घालवून देणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक नसते. ते घाबरतात तेव्हा भीतीचे कारण बरेचसे मागे पडलेले असते. घालवून दिल्याची वार्ता मात्र शेजारच्या खोल्यांत पोचते, आणि पुढचा खोकणारा आपला खोकला लपवू लागतो.

शोधाची साधने

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर थुंकीत ते पाच ते दहा हजार तरी असावे लागतात. म्हणजे ह्या पद्धतीने रोग सापडतो तो बराच वाढल्यानंतर. जंतूंची पैदास करून पाहण्याची रीत अधिक अचूक, परंतु घट्ट माध्यमावर तिला चार ते आठ आठवडे लागतात, आणि तेवढ्यात कामगाराचा मुक्काम हललेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिलेली जनुकीय चाचणी ह्या दोहोंवर मात करते. ती जंतूच्या जनुकद्रव्याचा एक विशिष्ट तुकडा असंख्य पटींनी वाढवून ओळखते. मिलिलिटरमागे शंभर-सव्वाशे जंतू असले तरी तिला पुरतात, दोन तासांत उत्तर मिळते, आणि रिफॅम्पिसिन ह्या प्रमुख औषधाला जंतू दाद देईल की नाही हेही त्याच वेळी कळते. गोव्यात तयार होणारे 'ट्रूनॅट' हे ह्याच जातीचे यंत्र विद्युतघटावर चालते व वातानुकूलित खोली मागत नाही. त्याला ह्या संघटनेची मान्यता २०२० मध्ये मिळाली. हातात धरून नेता येईल असे क्ष-किरण यंत्रही आता आले आहे. भट्टीवर किंवा बांधकामाच्या जागी उभे राहून चित्र घेता येते, आणि ज्यांना लक्षणच नाही असेही रोगी त्यात सापडतात.

नोंदीच्या बाबतीतही बदल झाला आहे. खाजगी वैद्यांनी क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारला कळवावा, असा आदेश २०१२ मध्ये निघाला, आणि त्याच वर्षी 'निक्षय' ही संगणकीय नोंदवही सुरू झाली. तीत मिळालेला क्रमांक देशभर चालतो. सुरतेत सुरू झालेले औषध गंजाममध्ये पुढे चालू ठेवता येते. रोग्याच्या आहारासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये दिले जाऊ लागले, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. ह्या सोयी चांगल्या आहेत, पण त्या निदान झाल्यानंतर सुरू होतात. निदानापूर्वीच्या भटकंतीची नोंद कोठेच नसते. कायद्याचेही असेच झाले होते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांविषयीच्या १९७९ च्या कायद्यात ठेकेदाराने कामगारांची विनामूल्य वैद्यकीय सोय करावी असे कलम होते, पण ते ठेकेदाराने नेलेल्या कामगारांपुरतेच होते. भावाचे किंवा गाववाल्याचे बोट धरून सुरतेला आलेला त्यात बसत नसे. २०२० च्या संहितेत ही व्याख्या रुंदावण्यात आली.

आणि माणूस दिसेनासा झाला की रोगही दिसेनासा होतो, ह्याचा पडताळा २०२० मध्ये आला. टाळेबंदीत लाखो कामगार गावी चालत गेले, दवाखाने दुसऱ्या साथीत गुंतले, आणि देशातील क्षयाच्या नोंदी २०१९ च्या २४ लाखांवरून १८ लाखांवर उतरल्या. तेवढा रोग कमी झाला होता असे कोणीही मानले नाही.

प्रवासात असलेल्या कामगाराला, किंवा त्याला मदत करू इच्छिणाऱ्या ग्रंथालयातील वा शाळेतील वाचकाला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे नमूद करतो. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, सायंकाळी ज्वर येऊ लागला, रात्री घाम सुटू लागला, वजन उतरले किंवा थुंकीत रक्त दिसले, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रात तिला पैसे पडत नाहीत आणि राहत्या गावाचा दाखला आवश्यक नसतो. १८००-११-६६६६ ह्या क्रमांकावर विनामूल्य चौकशी करता येते. वैद्याला खोकला किती दिवसांचा आहे हे सांगताना पहिल्या दवाखान्यापासून मोजून सांगावे आणि मागील औषधांच्या चिठ्ठ्या, रिकामी पाकिटे असतील तर ती दाखवावीत. निक्षय क्रमांक मिळाला असल्यास तो कागदावर लिहून जवळ बाळगावा. तपासणीसाठी तोंडातील लाळ चालत नाही, छातीतून खोकून काढलेला बेडका लागतो. तो सकाळचा असावा असे सांगतात, कारण झोपेत छातीत साठलेला कफ जागे होताच सुटतो. रात्रपाळीच्या कामगाराची ही सकाळ तो झोपून उठतो तेव्हा, म्हणजे दुपारी किंवा सायंकाळी होते, आणि त्याला डबी देताना हे समजावून सांगावे लागते.